फळ्यावर उरलेलं नाव

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. पुढं लिहिता लिहिता मी कदाचित स्वतःची बाजू घेईन, कारणं सांगेन, तेव्हा पहिल्या ओळीतलं हे वाक्य खोडायला मला जागा राहू नये. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्या फुटबॉल स्पर्धेसाठी खेळाडू निवडताना मी मिलिंदला घेतलं नाही. आठ जण निवडायचे होते. त्यातले सहा मी पुढं पळणारे घेतले. तीस वर्षं माझ्या मागं उभा राहिलेला माणूस तेवढा राहून गेला. 'राहून गेला' हेसुद्धा मी असं लिहितोय, जशी एखादी छत्री एसटीत राहून जावी. तो राहून गेला नाही. मी त्याला ठेवला.

यंदा पुन्हा पाणी उतरलंय. कालव्याला आवर्तन सुटलं की येडगावच्या धरणाचं पाणी रोज हातभर मागं सरतं आणि मागं ठेवलेल्या जमिनीला आधी चिखलाचा, मग माशांचा आणि शेवटी कोवळ्या गवताचा वास येतो. गाळ वाळतो, त्याला भेगा पडतात, भेगांमध्ये शिंपले अडकून बसतात. आठ-पंधरा दिवसांत तिथं इतकं सपाट मैदान तयार होतं की एवढी सपाट जागा आमच्या अख्ख्या शिवारात कुठं नाही. माझी रोपवाटिका वरच्या अंगाला आहे. टोमॅटोच्या रोपांच्या ट्रेला पाणी देताना मान उचलली की ते मैदान दिसतं. परवा तिथं दोन टिटव्या ओरडत होत्या आणि कुणीतरी बांबूचे गोलपोस्ट आणून टाकले होते. मी नळी हातात धरून उभाच राहिलो. ट्रे भरून वाहायला लागला तेव्हा बायको म्हणाली, "अवो, रोपं बुडाली की."

आमच्याकडं फुटबॉल कुठून आला, असं बाहेरचे लोक विचारतात. आमच्याकडं बैलगाडा आहे, कुस्ती आहे, टेनिस बॉलचं क्रिकेट तर गल्लीगल्लीत आहे. फुटबॉल आला तो कोल्हापूरकडच्या एका क्रीडाशिक्षकांमुळं. आम्ही आठवीत असताना ते शाळेवर आले. येताना पत्र्याच्या ट्रंकेत दोन चेंडू आणि एक पंप घेऊन आले. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि विचारलं, "गोल कोण मारणार?" सगळ्यांचे हात वर. "आणि गोल कोण वाचवणार?" सगळे हात खाली. रांगेच्या टोकाला असलेल्या मिलिंदचा एकट्याचा हात वर होता. सर त्याच्याजवळ गेले, त्याला खांद्याला धरून मैदानाच्या मागच्या भागात नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "इथनं हलायचं नाही." मिलिंद कधी हलला नाही.

त्या दिवशी त्यानं हात का वर केला, हे मी त्याला कधी विचारलं नाही. तीस वर्षांत एवढं साधं विचारायचं सुचलं नाही, याचंही आता नवल वाटतं. पुढं खेळणाऱ्याला मागचं दिसत नाही. पाठीमागं कुणीतरी आहे एवढं माहीत असतं, म्हणून तर पळता येतं. माझ्या नावावर जेवढे गोल आहेत, त्यातल्या निम्म्यांची सुरुवात मिलिंदच्या पायापासून झाली असणार. पण गोल मोजला जातो. न झालेला गोल कुठं लिहायचा?

मिलिंदचं घर आमच्या गावच्या बौद्धवस्तीत. त्याच्या आजोबांनी छप्पन सालानंतर दीक्षा घेतली, वडील शेती करून निवृत्तीपर्यंत सरकारी नोकरीत राहिले. मिलिंदनं आयटीआय केलं आणि फाट्यावर पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान टाकलं. जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तार वेढे मोजून भरायची. आमच्या अर्ध्या तालुक्याच्या विहिरी त्याच्या हातावर चालायच्या. आमची शेती जुनी, घर मोठं, भावकी मोठी. लहानपणापासून आम्ही बरोबर. मी हे सगळं लिहितोय, कारण ते लिहिलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. आणि लिहिलं तरी मला कळतं असं नाही.

पूर्वी स्पर्धा गावागावांत व्हायची. पिंपळवंडी विरुद्ध येडगाव, आणे विरुद्ध आणखी कुणी. दर वर्षी शेवटच्या सामन्यात भांडण ठरलेलं. म्हणून पिंपळवंडीच्या नानांनी तोडगा काढला. नाना दूध संकलन करतात आणि त्यांच्या शब्दाला दोन्ही काठांवर मान आहे. सगळ्या गावच्या खेळाडूंची नावं एका फळ्यावर लिहायची, चार संघप्रमुखांनी चिठ्ठीच्या क्रमानं, पाळीपाळीनं एकेक नाव उचलायचं. उचललेलं नाव पुसायचं. प्रत्येक संघात आठ जण, म्हणजे कुठल्याच संघात एक गाव नाही, एक भावकी नाही. आम्हाला सगळ्यांना ते फार पटलं. त्या वर्षी चौघांत नाना होते आणि पहिल्यांदाच मीही संघप्रमुख झालो.

आदल्या दुपारी पडवीत बसून मी कागदावर यादी केली होती. कुणाला आधी घ्यायचं, तो गेला तर कुणाला. बायको लसूण सोलत होती. तिनं कागद वाचला आणि म्हणाली, "यात मिलिंदभाऊंचं नाव न्हाई."

"त्याचं काय लिहायचंय? तो आपलाच हाय."

तिनं लसणाची सालं फुंकरीनं उडवली तेवढी.

आमच्याकडं लग्नाच्या पंगतीला आधी पाहुणे बसतात. घरची माणसं वाढतात आणि शेवटी, उरलंसुरलं असेल त्यात, चेष्टामस्करी करत जेवतात. त्या शेवटच्या पंगतीची गोडी काही वेगळीच. पाहुण्याला आग्रह करावा लागतो, घरच्याला नाही. मी खेळाडू निवडायला गेलो तो हाच हिशेब डोक्यात घेऊन. परके आधी, आपला शेवटी. हे माझं कारण. खरंच हेच कारण होतं का, हे मला दोन वर्षं झाली ठरवता आलेलं नाही.

शाळेच्या व्हरांड्यात रविवारी सकाळी आम्ही जमलो. फळ्यावर तेहेतीस नावं. जागा बत्तीस. उरेल तो राखीव, शेवटची पाळी ज्याची त्याच्या संघाकडं, कुणाला लागलं-खुपलं तर त्याच्या जागी. प्रत्येक नावापुढं तो कुठं खेळतो तेही लिहिलं होतं. मिलिंद पायऱ्यांवर बसून गोलाची फाटलेली जाळी शिवत होता. जाळी शिवणं आणि मैदानावर फक्कीच्या रेघा मारणं ही कामं त्याला कुणी सांगितलेली नव्हती, तो ती वर्षानुवर्षं करत होता.

"चला राव, उन्हं चढायच्या आत उरकू," नाना म्हणाले. "दत्ता, तुझी पाळी शेवटची."

पहिल्या फेरीत तिघांनी तीन पुढचे उचलले. मीही पुढचाच उचलला. दुसऱ्या फेरीत ठरवलं होतं की मागं राखणारा एक बॅक घ्यायचा. पण माझ्या आधीच्यानं एक वेगवान पोरगा घेतला. सगळे पळणारे संपले तर? बाजारात भाव नसलेलं वाणसुद्धा दुसऱ्यानं उचललं की आपल्याला हवंसं वाटतं, तसं झालं. प्रत्येक फेरीला मी मनाशी म्हणायचो, आता मागचं बघू, आणि तोंडातून पुढच्याचं नाव जायचं. मध्येच एक गोलकीपर घेतला आणि एक बॅक घेतला, तोही नाना डोळे वटारून बघायला लागले म्हणून. पाचवा पुढचा घेतला तेव्हा पायऱ्यांवरून मिलिंद ओरडला, "दत्त्या, मागं कोण उभं करणार? तुझी म्हैस?"

सगळे हसले. मीही हसलो आणि त्याच्याकडं बघून डोळा मारला. त्यानं मान हलवली आणि पुन्हा सुई हातात घेतली. त्या डोळा मारण्याचा अर्थ त्यानं बरोबर लावला होता. मी येतोय तुझ्याकडं, असाच तो होता. मी त्या क्षणी खोटं बोलत नव्हतो. हे मी कुणाला पटवू?

शेवटच्या फेरीत शेवटची पाळी माझी. फळ्यावर दोन नावं. एक मिलिंदचं, पुढं 'बॅक'. दुसरं आण्याच्या पठारावरच्या एका फॉरवर्डचं. तो पोरगा उशिरा आला होता, त्याचं नाव अगदी खाली कोपऱ्यात लिहिलेलं.

"बोल रं," नाना म्हणाले.

माझ्या शेजारी बसलेल्या पुतण्यानं कानात सांगितलं, "काका, तो डाव्या पायाचा हाय. आपल्याकडं डाव्या पायाचा एकबी न्हाई." आणि माझ्या डोक्यात झटकन जुळणी झाली. हा घेतला तर मिलिंद राखीव राहतो. राखीव म्हणजे माझ्याकडंच येणार. एका पाळीत दोघं. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. मी आण्याच्या पोराचं नाव घेतलं.

फळ्यावर एकच नाव उरलं. तीस-बत्तीस माणसं त्या एका नावाकडं बघत होती. कुणी खोकलं. बाहेरून कुणाचा ट्रॅक्टर गेला. मिलिंदनं सुईचा दोरा दातानं तोडला, जाळीची घडी घातली, ती व्हरांड्यात नीट ठेवली. मग फळ्याजवळ गेला, डस्टर उचललं आणि स्वतःचं नाव स्वतः पुसलं.

"पोरांची उद्या परीक्षा हाय," तो म्हणाला. "फळा साफ पायजे."

मोटारसायकलला किक मारून तो गेला. मी नानांकडं बघितलं. नाना खाली बघत म्हणाले, "आमी मुद्दाम न्हाय घेतला त्याला. म्हणलं, तुझा माणूस हाय, तुझ्या ताटातलं कशाला उचला." बाकीचे दोघंही तेच म्हणाले. म्हणजे सगळ्यांनी माझा मान राखला होता. चौघांच्या चांगुलपणातून मिलिंद एकटा उरला. हे असं म्हटलं की बरं वाटतं, कुणाचाच दोष नाही असं होतं. पण माझ्या सख्ख्या चुलतभावाचं नाव जर तिथं शेवटी उरलं असतं, तर मी ते पुसायची वेळ येऊ दिली असती का? तेव्हाही मला डावा पाय सुचला असता का? मी या प्रश्नाला कधी हो म्हणतो, कधी नाही. रोपांना पाणी देताना एक उत्तर येतं आणि ताटावर बसल्यावर दुसरं.

संध्याकाळी फोन केला. "अरे मिल्या, तू तर घरचाच. राखीव म्हणून माझ्याकडंच यायचं."

"न्हाय जमायचं. मोटारी लई आल्यात," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

सामने चारच्या उन्हात सुरू करायचो आणि दिवस मावळायच्या आत संपवायचो. काठाला ऊस आहे, बिबट्याची वेळ झाली की कुणी थांबत नाही. माझा संघ सुंदर पळायचा. सहा जण एकदम पुढं सुटले की गाळाची धूळ उठायची, काठावरची पोरं शिट्ट्या मारायची, आणि आम्ही गोल करायचो. मग चेंडू उलटा यायचा. आमच्या मागं एवढी मोकळी जागा असायची की तिथं कांदा लावता आला असता. पहिला सामना चार-सहा गेला. दुसरा तीन-पाच. तिसऱ्याला काठावरून एक म्हातारा ओरडला, "दत्ताभाऊ, ह्यो संघ हाय का बैलगाडा? नुसता पळतोय, थांबायचं कुणाला ठावंच न्हाई!" सगळा काठ हसला. त्या सामन्यात एका पोराला बाहेर बसवून मी स्वतः मागं जाऊन उभा राहिलो. पहिल्यांदाच. तिथून सगळं मैदान दिसतं, हे मला माहीतच नव्हतं. आपल्या सगळ्यांच्या पाठी दिसतात. घामानं भिजलेले शर्ट, कुणाची चाल मोडलीय, कुणाला धाप लागलीय. आणि आपल्याकडं कुणीच बघत नसतं. दहा मिनिटांत मला एकटं वाटायला लागलं.

मैदानावरच्या रेघा मात्र तिन्ही दिवस मारलेल्या होत्या. दुपारी आम्ही पोचायच्या आत. सरळ, पांढऱ्या, कोपऱ्यात बरोबर काटकोन. कुणी मारल्या ते कुणी बोललं नाही.

महिन्याभरानं माझी मोटार जळाली. खरंच जळाली. ती घेऊन त्याच्या दुकानात गेलो. त्यानं मोटार ठेवून घेतली आणि म्हणाला, "परवा घेऊन जावा तुमी."

तुमी. मला कुणीतरी गार पाण्यात ढकलल्यासारखं झालं. मी बडबडायला लागलो. निवड कशी झाली, पुढच्यांची टंचाई कशी होती, डावा पाय, राखीवचा नियम, सगळं. पुन्हा पुन्हा म्हणालो, "तू घरचा म्हणून तर."

तो पक्कड खाली ठेवून म्हणाला, "खेळाचं सांगू नका. खेळ मला कळतो. एक सांगा. तुमच्या घरात किती लग्नं झाली? मांडवाची लायटिंग कुणी केली? जेवलो कवा?"

"आमच्याबरोबरच की. शेवटच्या पंगतीला. घरच्या."

"आन पयल्या पंगतीला पाव्हणा म्हणून मला कवा बसवलं?"

मी आठवत राहिलो.

"तुमी माझ्या दारात आला की आई पयलं ताट तुमाला वाढायची. बाप उभा राहायचा. तवा तुमी घरचे नव्हता, पाव्हणे व्हता. आन तुमच्या दारात मी घरचा. दोन्हीकडं सोय तुमचीच झाली न्हवं?" तो जराही रागावलेला नव्हता, हे जास्त वाईट होतं. "घरचे शेवटी जेवतात, बराबर हाय. पण घरच्यांना कुणीतरी आत येऊन विचारतं, तुमाला उरलंय का म्हणून. त्या दिवशी फळ्याफुडं कुणी विचारलं?"

मला अजूनही वाटतं की शेवटच्या पंगतीत आम्ही खरंच हसत होतो, तोही हसत होता, ते हसणं खोटं नव्हतं. आणि तो म्हणतो तेही खोटं नाही. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींच्या अंगावर कशा येतात, हे माझ्या डोक्यात बसत नाही. मी कुठल्या बाजूनं खेळतोय हेच कळेनासं होतं. इतकी वर्षं ज्याला मी प्रेम समजलो, त्यात प्रेम किती आणि सवय किती? आणि सवयीच्या खाली आणखी काय काय दडलेलं?

पुढच्या वर्षी मिलिंदनं दुकान मंचरला हलवलं. तिकडं धंदा मोठा आहे, मुलीचं कॉलेजही तिकडं, असं गावात म्हणतात. कारण तेच असेल. मी कारणांबद्दल आता पैज लावत नाही. गेल्या उन्हाळ्यात स्पर्धा झाली तेव्हा मी संघ घेतला नाही. मैदानावरच्या रेघा वाकड्या होत्या.

यंदा नाना घरी आले. चहाची बशी तोंडाला लावत म्हणाले, "तूच घे यंदा संघ. आन मिलिंदला बोलव. पयल्या पाळीला पयलं नाव त्याचं घे, समद्यांसमोर. फिटलं." मला क्षणभर फार बरं वाटलं. किती सोपं आहे. मग वाटलं, हे पुन्हा त्याला फळ्यावर टांगणंच झालं. माझं मन हलकं व्हावं म्हणून त्यानं मंचरहून यायचं आणि सगळ्यांच्या नजरेखाली बसायचं. शिवाय त्यानं माझ्याकडं खेळायचंय असं कधी म्हटलं? नाना गेल्यावर गाडी काढली आणि नारायणगाव, कळंब करत मंचरला गेलो.

दुकानात चार शेतकरी आपापल्या मोटारी घेऊन बसले होते. मिलिंदच्या डोळ्यांवर चष्मा आलाय. तो तारेचे वेढे मोजत होता, मला बघून त्यानं नुसती मान हलवली. मोजणी चालू असताना बोलायचं नसतं. मी उभा राहिलो. तांब्याच्या तारेचा तो गरम, वार्निशचा वास नाकात भरला. ठरवून आलो होतो की गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबायचं, मग दोघंच असताना बोलायचं.

एका म्हाताऱ्यानं सरकून मला जागा दिली आणि मिलिंदला विचारलं, "पाव्हणं कुठलं म्हणायचं?"

मिलिंदनं वेढा पुरा केला, तार अडकवली आणि वर न बघता म्हणाला, "येडगावचे. वळखीचे हायेत."

मी बसलो होतो तो उठलो. जे झालं होतं ते माणसांसमोर झालं होतं. एकटा गाठून बोलणं ही पुन्हा माझीच सोय होती. चौघंही माझ्याकडं बघायला लागले. जोडून आणलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना.

"मिलिंद," मी म्हणालो, "त्या दिवशी फळ्यावर दोन नावं उरली व्हती आन मी तुझं घेतलं न्हाई. समद्यांसमोर तुझं नाव तुला पुसायला लावलं. तू मला पयल्या फेरीत पायजे व्हतास, आन तू आपलाच हायेस असं मी धरून चाललो. का केलं ते मला धड सांगता येत न्हाई, आन आता कारण सांगणार बी न्हाई. तू राखीव नव्हतास. मी चुकलो. मला माफ कर."